यादी पूर्ण वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मुंबई हल्ल्याच्या स्मृतिदिनी, २६ नोव्हेंबरला होणाऱ्या श्रद्धांजली सभेत फक्त वर्दीतल्यांचीच नावे घ्यावीत, असा मंडळातल्या काहींचा आग्रह असल्याने तुझी यादी अडली आहे, हे कळले. शिमग्यात पालखीच्या मानावरून वाड्यावाड्यांत जे जुंपते, तेच आता मृतांच्या बाबतीतही सुरू झाले म्हणायचे. माझे उत्तर एकच: सगळी नावे वाच, आणि पूर्ण वाच.

तुकाराम ओंबळे यांचे नाव कोणी गाळणार नाही. हाती केवळ लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. पण ‘कुबेर’ बोटीचे तांडेल अमरसिंह सोळंकी यांचे काय? हल्लेखोरांनी पोरबंदरची ती मासेमारी बोट भर समुद्रात ताब्यात घेतली, खलाशांना मारले, तांडेलाकडून मुंबईच्या जवळपर्यंत बोट आणवली आणि मग त्यांनाही ठार केले. निम्मे बंदर तांडेल-खलाशांचे असताना आपल्या फलकावर हे नाव नसावे, याचा मला संताप येतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेले त्यांतले बहुतेक गाडीची वाट पाहणारे प्रवासी होते. आपले चाकरमानीही कोकणकन्येसाठी त्याच स्टेशनात बोचकी घेऊन बसत. त्यांना कोणत्या हिशेबाने वगळणार? आणि ‘१६६ जण गेले’ एवढे सांगून मोकळा होऊ नकोस.

आकड्यांवर माझा राग का, हे चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी पाहिलीस तर कळेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी अशा पाट्या बसवल्या: या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. बस्स. रंगकाम झाले की अक्षरांत बसलेला चुना मी नखाने खरवडून काढतो. आकडा लख्ख दिसतो. ती माणसे कोणाच्या घरची होती, हे सांगणारे मात्र मला कळू लागेपर्यंत कोणी उरले नव्हते. हे शल्य जायचे नाही.

म्हणून मी हेकट. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते, म्हणून यादी आटोपती घेण्याची चिठ्ठी आली. ती खिशात टाकून मी वाचत राहिलो. पाहुणे उठून गेले, सभामंडपाचा निधीही गेला, आणि त्याचे खापर आजही माझ्याच माथी फुटते. फुटू दे. ज्यांच्यासाठी सभा, त्यांची नावे वाचायला वेळ नसेल, तर पुष्पचक्र आणि फ्लेक्सचा खर्च तरी कशाला?

तुझा आवाज खणखणीत आहे, पण घाई फार करतोस. वडिलांचे नाव, गाव, सगळे घे. आपल्या तालुक्यातल्या जवानांची नावे त्यांच्या घरी जाऊन तपासून आण. घोषणा यादी संपल्यावर. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला मारले गेलेले २६ जणही त्यात हवेत, आणि त्यांत पर्यटकांना वाचवायला गेलेला घोडेवाला आदिल हुसेन शाहही हवा. त्या नावावर कोणी कुरकुर केलीच, तर मला निरोप धाड. तेवढे पान मी येऊन वाचेन.