फोटोत काही दिसलं की आधी मूळ प्रतिमा उतरव

अरे, फिरत आलेल्या कापलेल्या, रंगवलेल्या फोटोवरून परग्रहवासी ठरवू नकोस. नासाच्या संग्रहातून मूळ प्रतिमा उतरवून घे.

मंगळावरचा तो 'चेहरा', म्हणजे माणसाच्या तोंडासारखा दिसणारा एक डोंगर, १९७६ साली नासाच्या व्हायकिंग १ यानाने टिपला. सूर्य कलता होता, सावल्या लांब पडलेल्या, आणि एक नाकपुडी तर माहिती गहाळ झाल्याने उमटलेला काळा ठिपका होता! २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने तोच डोंगर कितीतरी बारकाईने टिपला, चेहरा विरून गेला.

जोडकॅमेरे असतील तर दोन्ही चित्रं शेजारी ठेव. २०१४ मध्ये मंगळावरच्या क्युरिऑसिटी या फिरत्या गाडीच्या उजव्या कॅमेऱ्यात दिसलेला प्रकाश डाव्यात नव्हताच. वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा, कॅमेऱ्यावरचा आघात असाही ठिपका उमटवतो. वेळ लागतो, पण मला यातच खरी गंमत वाटते.