मूल झाल्यावर स्वयंसेवेची प्रेरणा वाढते की आटते?

मूल झाल्यावर माणूस स्वतःच्या घरापुरता उरतो की समाजासाठी अधिक झटू लागतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते प्रेरणा सहसा आटत नाही. तिचा रोख बदलतो, आणि तोही मुलाच्या वयानुसार.

मुलगी होण्यापूर्वी मी अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक म्हणून जात असे. ती जन्मल्यावर पहिली तीन वर्षे ते काम पूर्ण थांबले. इच्छा होती, परंतु सलग तीन तास हाती नव्हते, आणि त्याची टोचणी मला सतत लागून राहिली. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा मात्र शाळेच्या वाचनालयातील पुस्तकांची नोंद करण्याच्या निमित्ताने मी पुन्हा कामाला लागले. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या २०१५ सालच्या पाहणीत अठरा वर्षांखालील मुले असलेल्यांपैकी ३१.३ टक्के लोकांनी वर्षभरात स्वयंसेवा केली होती. अशी मुले नसलेल्यांत हे प्रमाण २२.६ टक्के होते. मुलांमुळे पालकांची शाळा, क्रीडांगण आणि इतर पालक यांच्याशी रोजची गाठ पडते आणि कोणीतरी 'याल का?' असे समोरासमोर विचारते, हे मला यामागचे मोठे कारण वाटते.

असे काम अखेर आपल्याच मुलासाठी असते, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला अन्यायकारक वाटतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी पुढच्या पिढीसाठी काही उभे करण्याची ओढ हा मध्यमवयाचा गाभा मानला होता. ती ओढ पालकांपुरती मर्यादित नसली, तरी पालकपण हे तिचे सर्वांत परिचित दार आहे. अमेरिकेतील कॅन्डी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडून मरण पावली, तेव्हा त्यांनी १९८० मध्ये मद्यपान करून गाडी चालवण्याविरुद्ध उभारलेली चळवळ इतरांच्या मुलांसाठीच होती.

आपण एखाद्या संस्थेसाठी हे विचारत असाल, तर तान्ह्या मुलांच्या आईवडिलांना यादीतून वगळू नका. त्यांना घरून, तुकड्यातुकड्यांत करता येईल असे काम द्या आणि वर्षभराने पुन्हा विचारा. मला त्या तीन वर्षांत तसे कोणी विचारले असते, तर मी नक्कीच होकार दिला असता.