सिनॅप्टोफायसिनवर भिस्त नको

स्वादुपिंडात एकसारख्या पेशींची गाठ दिसली आणि सिनॅप्टोफायसिन (पेशींतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) पॉझिटिव्ह आलं, की लगेच न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) लिहून टाकू नकोस. सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम या स्वादुपिंडाच्याच दुसऱ्या गाठीतही ते पुष्कळदा रंगतं. क्रोमोग्रॅनिन, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन पेशींची दुसरी खूण, मात्र तिच्यात सहसा कोरं राहतं. खरा निवाडा बीटा-कॅटेनिन हे प्रथिन करतं, पण रंग केंद्रकात आहे का ते बघ; तसा असेल तरच कल या दुसऱ्या गाठीकडे. पेशीपटलावरचा रंग नॉर्मल पेशींतही असतो, नवखे इथेच फसतात. सोबत ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) लाव. सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठीत ते पटलावरून नाहीसं होतं. सीडी१० आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर या तिच्या आणखी दोन खुणांचं मला फारसं कौतुक नाही, काही न्यूरोएंडोक्राइन गाठीही त्यांना रंगतात. ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला गडद ठिपका) दिसला तर ट्रिप्सिन आणि बीसीएल१० या चाचण्या मागव; असायनर सेल कार्सिनोमा (पाचकरस बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) निसटला तर उपचारांची दिशाच चुकेल. आणि हो, बायोप्सी छोटी असेल तर आधी एच अँड ई (नेहमीच्या रंगाची काच) नीट वाच, मगच ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) पुन्हा कापायला दे.