दीड वर्ष जग फिरायला निघालोय, घरच्यांशी आणि मित्रांशी संपर्क कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी उठून लिहायलाच बसले. तुम्ही म्हणताय की दीड वर्षासाठी निघताय, आईवडील साताऱ्यात दोघंच आहेत, आणि भीती ही की परत येईपर्यंत घरच्यांशी "बरा आहेस ना, हो बरा आहे" एवढंच बोलणं उरेल आणि मित्र तर सुटूनच जातील. आणि विचारलंय की फोन किती वेळा करायचा.

मी सांगलीची. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यातली नोकरी सोडून निघाले ते २०२४ च्या एप्रिलमध्ये परत आले. आधी व्हिएतनाम, लाओस, थायलंड, मग कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, पुढे जॉर्जिया, तुर्की आणि शेवटी पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना. घरी आई-पप्पा आणि तासगावजवळच्या गावात आजी. पप्पा तीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला होते, आता घरीच असतात.

पहिले दोन महिने मी रोज फॅमिली ग्रुपवर तीस-चाळीस फोटो टाकायचे आणि व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा फिरवत बसायचे, हा समुद्र बघा, हे देऊळ बघा. आई म्हणायची छान आहे गं. पप्पा म्हणायचे छान आहे. मग दोन्हीकडून शांत. चार मिनिटांत कॉल संपायचा आणि मला वाटायचं की नेटवर्कमुळे असं होतंय. एप्रिलमध्ये लाओसला लुआंग प्रबांगला होते, त्या रात्री गेस्ट हाऊसमधली लाईट गेलेली, दाखवायला काहीच नव्हतं म्हणून आईला नुसतं विचारलं की आज काय केलंस. तर तिनं गच्चीवर कुरडया घातलेल्या आणि दुपारी अचानक वळीव आला, शेजारच्या काकू आणि ती दोघींनी कुरडयांसकट अख्खी साडी चार टोकांना धरून जिन्यातनं खाली आणली, निम्म्या कुरडया चिकटून गेल्या, मग तो चीक पुन्हा गोळा करून त्याचं काय केलं, हे सगळं ती चाळीस मिनिटं सांगत होती. मी अंधारात बसून ऐकत होते आणि घरनं निघाल्यापासून पहिल्यांदा मला घरात असल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून मी फोटो दाखवायचं जवळजवळ बंद केलं आणि विचारायला लागले. पाणी किती वाजता आलं, मावशीकडचं लग्न ठरलं का, गॅसवाला आला का. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल पण मागे राहिलेल्या माणसाचा दिवस याच गोष्टींचा असतो, आणि त्यात तुम्ही नसाल तर मग तुमच्याशी बोलायला त्यांच्याकडे उरतंच काय सांगा. तुमचं काय चाललंय ते सांगायचंच, पण अशा ठिकाणचं सांगा जिथं त्यांना काहीतरी कळतं. जॉर्जियात तिबिलिसीला स्टेशनजवळ डेझर्टर बाजार म्हणून मोठा भाजीबाजार आहे, तिथं मसाल्याच्या ढिगात पिवळी धमक पूड दिसली, मी पप्पांना कॉल लावून म्हटलं बघा इथं पण हळद. पप्पांनी चष्मा लावला, म्हणाले जवळ धर, अजून जवळ, बोटावर घेऊन चोळ बघू. मग म्हणाले ही हळद नव्हे, हळद असती तर बोट एवढ्यात पिवळं झालं असतं. दुकानदारीण बाईंना विचारलं तर खरंच, ती झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांची पूड होती, तिकडे तिला इमेरेतीचं केशर म्हणतात आणि रश्शात घालतात. पप्पा जे खूश झाले! पुढचे आठ दिवस जो भेटेल त्याला सांगत होते की आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू तिकडे आमटीत घालतात. आणि मग मी जाईन तिथल्या बाजारातनं त्यांना फोन करायला लागले, कारण तिथं मला काही कळत नव्हतं आणि त्यांना कळत होतं.

आता किती वेळा ते. रोज केला तरी चालेल, आठवड्यातनं दोनदा केला तरी चालेल, पण वेळ ठरवून टाका आणि ती तुमच्या सोयीची नको, त्यांच्या सोयीची हवी. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, जॉर्जिया दीड तास मागे, तिथं काही अडचण येत नाही. खरी पंचाईत दक्षिण अमेरिकेत होते. पेरू आपल्या साडेदहा तास मागे आहे. पण नीट बघितलं तर माझे रात्रीचे ८ म्हणजे घरी सकाळचे साडेसहा, पप्पा फिरून आलेले, आईचा चहा उकळत असतो. तीच वेळ धरली. अर्जेंटिनात साडेआठ तासांचा फरक झाला तेव्हा मी रात्री साडेनऊपर्यंत जागी असेनच, म्हणून घरची वेळ सहावर आणली आणि आईला आधीच्या आठवड्यात सांगून ठेवलं. वेळ बदलली की सांगायचं, ही गोष्ट लहान दिसते पण न सांगता एकदा अर्धा तास उशीर झाला की आई फोन हातात घेऊन बसते, चहा तसाच गार होतो. एक लक्षात ठेवा, युरोपातल्या बहुतेक देशांत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढेमागे होतात, आपल्याकडे होत नाहीत, तेव्हा ठरलेली वेळ घसरते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पामीरनं. ताजिकिस्तानात खोरोगहून मुर्गाबकडे पामीर हायवे जातो, साडेतीन हजार मीटरच्या वरचा भाग, गावं तुरळक, मोबाईलची रेंज बहुतेक ठिकाणी नाहीच. मी घरी सांगितलं दोन दिवस फोन लागणार नाही. अलिचूर नावाच्या गावात आमची शेअर टॅक्सी बंद पडली, पार्ट खोरोगहून यायचा होता, दोनाचे पाच दिवस झाले. आम्ही एका घरात राहिलो, त्या माणसांनी इतकं केलं आमचं, रोज चहा, रोटी, घट्ट दही, मला स्वतःला काही त्रास नव्हता. सांगलीत मात्र तिसऱ्या दिवशी आईनं जेवण सोडलं होतं, पप्पा माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला दिवसात चारदा फोन करत होते. आणि गंमत बघा, ताजिकिस्तान आणि आपल्यात वेळेचा फरक फक्त अर्ध्या तासाचा, नकाशावर ती सगळ्यात जवळची जागा.

परत आल्यावर स्वयंपाकघरातलं जुनं कालनिर्णय चाळत होते. आई त्यावर दुधाचे खाडे लिहिते, ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या चौकोनात "खाडा". त्या ऑगस्टच्या पानावर दुधाच्या खाड्यांच्या खाली बारीक अक्षरात पाच चौकोनांत ओळीनं लिहिलं होतं, "फोन खाडा". पेन्सिलनं. मी विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही.

तेव्हा रेंज नसलेल्या भागात जाताना दोन दिवस लागणार असतील तर घरी पाच सांगा. आणि कुठून कुठे, कुठल्या गाडीनं, मुक्कामाच्या जागेचं नाव आणि नंबर, हे आधी लिहून पाठवा. लाईव्ह लोकेशन देऊ नका असं मी म्हणेन, बऱ्याच जणांना पटणार नाही. व्हॉट्सॲपवर ते जास्तीत जास्त ८ तास चालतं, गूगल मॅप्सवर तुम्ही बंद करेपर्यंत, पण ठिपका एका जागी थांबला की घरी जीव टांगणीला लागतो आणि तुम्ही मात्र निवांत जेवत असता.

अजून एक, आणि हे निघायच्या आधी समोर बसवून बोला. आपल्याकडे घरचे आजारपण लपवतात, तू काळजी करशील म्हणून. मी तुर्कीत असताना पप्पांची शुगर एकदम खाली गेली, दोन दिवस ॲडमिट होते, मला तीन आठवड्यांनी चुलतभावाकडनं कळलं. त्या दोन दिवसांत आई माझ्याशी रोजच्यासारखी बोलली होती, पप्पा बाहेर गेलेत म्हणाली. मला राग नाही आला, पोटात खड्डा पडला, कारण त्यानंतर कुठलाही "सगळं ठीक आहे" खरा वाटेना. मग आम्ही शब्द दिला एकमेकांना, त्याच दिवशी सांगायचं, त्यांनी पण आणि मी पण. आणि मी शेजारच्या काकूंचा नंबर घेतला, त्यांना स्वतः फोन करून सांगितलं की तुम्ही मला काही लपवायचं नाही. घरी परतण्याच्या विमानतिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावायचा नाही, बोलिव्हियातनं मुंबई गाठायची तर दोन दिवस सहज जातात.

मित्रांचं खरं सांगते, सगळे टिकणार नाहीत. माझे चौघं राहिले. त्यांच्याशी ठरवून कॉल करणं कधी जमलंच नाही, ते ऑफिसात, मी बसमध्ये, त्यामुळे आम्ही व्हॉइस नोटवर आलो. मी चालता चालता दहा मिनिटं बोलायचे, मैत्रीण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ऐकायची आणि तिथूनच उत्तर द्यायची, मागे हॉर्न, रिक्षावाल्याशी भांडण, सगळं ऐकू यायचं. लिहिलेल्या मेसेजला माणूस अंगठा दाखवतो, आवाजाला आवाजच देतो. त्यांच्या तारखा मात्र तुम्ही लक्षात ठेवा, इंटरव्ह्यू, बाळंतपण, घराचं पझेशन. एका मित्राचे वडील गेले तेव्हा मी बोलिव्हियात उयुनीच्या मिठाच्या मैदानात तीन दिवसांच्या टूरवर होते, रेंज नाही, मला दोन दिवस उशिरा कळलं. मी त्याला मेसेज न करता सरळ फोन केला, आम्ही फार बोललो नाही, पण त्यानंतर तेराव्यापर्यंत रोज त्याच वेळेला करत राहिले.

आजीला ऐकू कमी येतं, व्हिडिओ कॉल तिला कळत नाही, तिला मी पोस्टकार्डं पाठवली. पहिलं व्हिएतनामातल्या सायगॉनच्या (आताचं हो ची मिन्ह सिटी) मोठ्या पोस्टातनं, फ्रेंचांनी १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेली इमारत, आत अजून लाकडी बाकं आणि काउंटर आहेत, तिथं बसून लिहिलं. मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरात, चार ओळी. पत्ता मात्र इंग्रजीत घाला आणि पिनकोड आणि देशाचं नाव ठळक. काही महिन्याभरात आली, दोन आलीच नाहीत. आलेली सगळी तिच्या हरिविजयाच्या पोथीत आहेत, पोस्टमन वाचून दाखवायचा.

गणपतीत मी तिबिलिसीत होते. घरी साडेसातची आरती म्हणजे माझे सहा. आईनं फोन पितळी डब्याला टेकवून ठेवला, पण टाळांचा आवाज फोन गिळतो आणि आपला आवाज मागे पडतो त्यामुळे सगळ्यांचा ठेका चुकतो, म्हणून मी माझा माईक बंद करून इकडे मोठ्यानं म्हटली. तुम्हीही तसंच करा.

आता तांत्रिक. भारतातलं सिम चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, आणि ९० दिवस त्या सिमचा काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकतं, म्हणून कमी रिचार्जचा प्लॅन चालू ठेवून मध्ये मध्ये एखादा मेसेज करत जा. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर ठेवा, तिकडचं सिम किंवा ई-सिम फक्त डेटाला. दुबईला थांबणार असाल तर घरी सांगून ठेवा की तिथं व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, कॉल लागत नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंग डेटावर चालतं कारण तो डेटा आपल्या कंपनीकडून फिरून येतो. डोंगरात जाणारे लोक सॅटेलाइटवरनं मेसेज पाठवायचं छोटं यंत्र ठेवतात, उपयोगी आहे, पण परवानगीशिवाय ते घेऊन भारतात येणं गुन्हा आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अटक झालेली आहे. परत येताना तिकडेच कोणाला तरी देऊन या.

निघायला तुमचे दोन महिने आहेत ना, तर या रविवारीच वडिलांना गच्चीवर पाठवा आणि तुम्ही खालच्या खोलीतनं त्यांना व्हिडिओ कॉल लावा. उचलायचा कसा, आवाज आला नाही तर कुठं दाबायचं, व्हॉइस नोट कशी धरून ठेवायची, हे त्यांच्या हातानं करू द्या, आपण फोन हिसकावून घ्यायचा नाही. चार रविवार तरी करा. आणि फोनमधले गुड मॉर्निंगचे फोटो काढून जागा रिकामी करून जा, जागा भरली की तुमची व्हॉइस नोट डाऊनलोडच होत नाही.