हॅम्लेटचा ‘लेट’

प्रश्न : ‘हॅम्लेट’ मूळ इंग्रजीतून वाचतो आहे. पहिल्या अंकात वडिलांच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो, ‘जो मला लेट करील, त्याचंच भूत करीन!’ लेट म्हणजे ‘करू देणे’ ना? मग वाट मोकळी करणाऱ्यालाच धमकी कशी? ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. तुम्ही त्या ओळीवर अडलात याचा मला फार आनंद झाला. कॉलेजात असताना मी संदर्भावरून अर्थ लावून तशीच पुढे गेले होते.

ही मुळात दोन क्रियापदं. जुन्या इंग्रजीतलं एक सोडण्याचं, होऊ देण्याचं. जर्मन ‘लासेन’ त्याचं भावंड. दुसरं ‘लेट्टन’, म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. हे दुसरं आलं ते उशिराच्या ‘लेट’च्या घराण्यातून. ज्याला अडवलं त्याला उशीर होणारच! देवनागरीत आपण उशिराचा लेट आणि हा लेट सारखेच लिहितो, आणि हॅम्लेटच्या तोंडी असलेला खरोखरच उशिराच्या लेटचा नातलग आहे.

पुढे शेवटची अक्षरं झिजली आणि दोघांचा उच्चार एक झाला. आपल्याकडे ‘ती मान’ आणि ‘तो मान’ लिंगामुळे वेगळे ओळखू येतात. यांना तसा आधार उरला नाही. एकाच शब्दानं ‘जाऊ दे’ही म्हणायचं आणि ‘जाऊ देऊ नको’ही, हे किती दिवस चालणार? १६११ च्या किंग जेम्स बायबलात अडवणारा लेट अजून ठणठणीत आहे. थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र, अध्याय २, वचन ७ काढून पाहा : ‘जो आता अडवत आहे’ यासाठी तिथे ‘लेटेथ’ आहे. १८८१ च्या सुधारित भाषांतरात त्या जागी ‘रिस्ट्रेन’ आलं.

तरी तो कोपऱ्याकोपऱ्यांत टिकून आहे. ब्रिटिश पासपोर्टवर धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं अशी विनंती असते. दोन्ही शब्द अडथळ्याचेच. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून बरोबर चौकटीत पडला, की ‘लेट’ पुकारतात : मध्ये अडथळा आला, पुन्हा मारा. ‘टू लेट’च्या पाटीवरचा मात्र पहिला, राहू देणारा.

आता हॅम्लेटकडे परत जा. धमकीच्या लगेच आधी तो काय म्हणतो पाहा : ‘अनहँड मी’. हात काढा!