फॉर्म थांबव, आधी कमिटीचं पत्र हातात घे

तुझा प्रश्न काल नाइट संपवून खोलीवर आल्यावर वाचला. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून आडवी झाले, पण झोप लागली नाही. दुसरं वर्ष एमबीबीएस, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएसला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दोन महिन्यांच्या संशोधन-शिष्यवृत्तीला, प्रपोजल निवडलं गेलंय, माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं पत्र अजून नाही आणि गाईड सर म्हणतात, "अर्ज दिलाय ना कमिटीला, मग लोकांचे माहितीचे फॉर्म भरायला लाग, पत्र येईल मागून." हे सगळं तू ओघात लिहून गेलीस आणि विचारलंस काय, तर याशिवाय अजून कुठे इंटर्नशिप आणि स्कॉलरशिप मिळेल. त्याचं उत्तर खाली देते. पण ते फॉर्म आजच थांबव. (अगं-तुगं करते आहे, चालवून घे.)

एसटीएसचा अर्ज कसा करायचा, गाईड कसा शोधायचा वगैरे लिहीत नाही, ते तू पार केलं आहेस.

मी थर्ड मायनरला (एमबीबीएसचं तिसरं वर्ष) होते, २०१८. विषय साधा होता. एएनसी (गरोदरपणातल्या तपासणीच्या) ओपीडीत येणाऱ्या बायका लोहाच्या गोळ्या घेतात का, आणि घेत नसतील तर का. गरोदरपणात रोज एक, अशा १८० गोळ्या सरकार फुकट देतं. बायका त्या घेऊन जातात आणि घरी तशाच राहतात, हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण का राहतात हे कुणी नीट बसून विचारलेलं नव्हतं, निदान आमच्याकडे तरी. सॅम्पल, म्हणजे किती बायकांना विचारायचं, ते १०० चं. प्रपोजल निवडलं गेलं तेव्हा होस्टेलवर मी सगळ्यांना वडापाव दिला होता. स्टायपेंड तेव्हा दोन महिन्यांचे मिळून २०,००० होता, आणि तो हातात पडायच्या आधीच खर्च झाला तो असा.

आता गोम कुठे आहे ते सांगते. एसटीएसला अर्ज करताना एथिक्सचं पत्र लागत नाही. गाईडची सही, डीनची सही, झालं. पत्र लागतं ते शेवटी, रिपोर्ट अपलोड करताना. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की ते शेवटचं काम आहे. प्रत्यक्षात त्या पत्रावर तारीख असते, आणि त्या तारखेच्या आधी भरलेला एकही फॉर्म वापरता येत नाही. मागाहून मंजुरी हा प्रकार एथिक्समध्ये नाहीच. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती उघडून बघ. कंटाळवाणी आहेत, पण एकदा वाचच.

मी काय केलं? फेब्रुवारीत फाइल नेऊन कमिटीच्या कार्यालयात दिली. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता "ठेवा तिथे" म्हटलं, मी ठेवली आणि आले. आवक क्रमांक घेतला नाही. माझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, काही नाही. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणशील तर ती ही, जेमतेम अर्ध्या मिनिटाची.

निवड झाल्यावर जुलैत चौकशीला गेले. फाइल नाही. म्हणजे हरवली असंही नाही, "अशी फाइल आलेलीच नाही." पोच दाखवा. पोच कुठे होती माझ्याकडे! कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींची मधल्या काळात बदली झालेली, नवीन मॅडम रुजू व्हायच्या होत्या. पुढची मीटिंग कधी? "कळवू." कुणाला कळवणार, माझं नावच रजिस्टरला नाही. पुढचे तीन आठवडे मी रोज दुपारी लेक्चर बुडवून त्या दारात. एकदा जेवणाची सुट्टी, एकदा "साहेब ट्रेझरीत गेलेत", एकदा नुसतंच कुलूप. कॉलेजचं नाव सांगणार नाही, विचारूही नकोस. आणि खरं सांगायचं तर हे एकाच कॉलेजात घडतं असं मला वाटतही नाही. त्या गृहस्थांचा तरी राग किती धरायचा, त्यांच्याकडे पीजींच्या थिसिसच्या फाइलींची चळत होती आणि आमच्यासारखी यूजी पोरं त्यांच्या हिशेबात बसतच नव्हती. धरते मात्र अजून.

सर वाईट नव्हते. ओपीडी चालू आहे, पोस्टिंग तिथेच आहे, बायका समोर आहेत, वेळ का घालवतेस, असं त्यांचं म्हणणं. मलाही तेच हवं होतं. मी फॉर्म भरायला लागले. ६३ झाले.

दरम्यान फाइल पुन्हा दिली. मीटिंग सप्टेंबरात लागली. (कमिटीत ७ ते १५ माणसं असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, कोरमला किमान ५. बाहेरचे वकील, समाजातली सामान्य व्यक्ती, सगळ्यांना एका दिवशी एका टेबलाशी आणायचं, म्हणून मीटिंग दोन-तीन महिन्यांनी होते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी जानेवारीतच वेळापत्रक विचारलं असतं.) मीटिंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझं मराठी संमतीपत्र हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं: "सहभागी व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता अबाधित राखण्यात येईल." मग म्हणाल्या, "बाळ, हे त्या बाईला कळेल का? 'तुमचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही' असं लिही की." इतकी लाज मला व्हायव्हातही कधी वाटलेली नाही. कारण ६३ बायकांपुढे मी तोच कागद धरला होता आणि त्यांनी मान डोलावून सह्या, अंगठे केले होते.

पत्र सप्टेंबरच्या शेवटी आलं. रिपोर्टची मुदत तोंडावर. एका सीनियरने जवळ घेऊन सल्ला दिला की फॉर्मवरच्या तारखा पुढच्या टाक, कोण बघतंय. दुसऱ्याने सांगितलं, पत्रावरचीच तारीख मागची करून घे, कार्यालयात ओळख आहे. मी दोन रात्री विचार केला, अगदी पेन घेऊन बसले. इथे मी फार शहाणपणाने वागले असं नाही. घाबरले, एवढंच. ६३ फॉर्म बाजूला ठेवले, नव्याने सुरुवात केली, मुदतीपर्यंत २१ झाले. १०० च्या सॅम्पलला २१ म्हणजे काहीच नाही. रिपोर्ट दिला नाही. रिपोर्ट नाही म्हणजे सर्टिफिकेट नाही आणि पैसेही नाहीत, कारण स्टायपेंड रिपोर्ट मंजूर झाल्यावरच येतो.

पैशांचं एक वेळ सोड. त्या ६३ मधली एक बाई, पाचवा महिना, गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवते म्हणाली. फेकल्या तर आशाताईला कळेल आणि खाल्ल्या तर शौचाला काळं होतं, सासूबाई म्हणतात बाळ काळं होणार. हे तिने मला खाली मान घालून, आवाज बारीक करून सांगितलं होतं. मला जे शोधायचं होतं ते नेमकं तिने सांगितलं, आणि मला ते कुठे लिहिता आलं नाही. ते गठ्ठे मी इंटर्नशिप संपेपर्यंत ट्रंकेत ठेवले होते.

तर तू काय करायचंस. फॉर्म थांबव आणि सरांना नीट शब्दांत सांग, "सर, पत्राच्या आधीचा डेटा रिपोर्टमध्ये धरत नाहीत, म्हणून थांबते." बहुतेक सर ऐकतात, त्यांनाही कटकट नको असते. आत्तापर्यंत जे भरलेत ते 'पायलट' (आधीची छोटी चाचणी) म्हणून खपवू नकोस, पायलटलाही मंजुरी लागते. मग कार्यालयात जा, दोन प्रती घेऊन. एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही. देत नसतील तर तिथेच उभी राहा. त्याच दिवशी मेंबर सेक्रेटरींना ईमेल टाक, गाईडला सीसीत ठेवून: अमुक क्रमांकाने अर्ज दिला आहे, पुढची बैठक कधी. तुझा अभ्यास नुसत्या प्रश्नावलीचा, कमी जोखमीचा असेल तर 'एक्स्पिडायटेड रिव्ह्यू' मिळावा अशी विनंती पत्रातच लिही. पूर्ण बैठक न भरवता एक-दोन सदस्य तपासतात, वेळ वाचतो. पण ते ठरवणार कमिटी, तू फक्त मागायचं. मुलांवर अभ्यास असेल तर पालकांची संमती वेगळी आणि मुलाची स्वतःची वेगळी, ७ वर्षांपासून पुढे. कुणाला औषध, व्यायाम, काहीही 'देणार' असशील तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलची देशातली सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला माणूस घ्यायच्या आधी. २०१८ च्या एप्रिलपासून तिथेही मागाहून नोंदणी होत नाही. (मी आता पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागात, रेसिडेंट आहे, कमिटीवर नाही. प्रत्येक संस्थेची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा माझं वाक्य दाखवून तिथे भांडू नकोस.)

आता तुझा मूळ प्रश्न.

यूजीला खरी दारं थोडीच आहेत, आणि तू ज्या वीस नावांची यादी टाकली आहेस त्यातली निम्मी पैसे घेऊन सर्टिफिकेट देणारी आहेत. माझा नियम सोपा: जो तुझ्याकडून पैसे मागतो तो तुला रिसर्च शिकवत नाही. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर घालावा.

एसटीएस १९७९ पासून चालू आहे आणि अजूनही माझ्या मते पहिलं दार तेच. रक्कम आता ५०,००० आहे. तुझी मैत्रीण बीएएमएसला आहे म्हणतेस, तिला सीसीआरएएसचं (केंद्राची आयुर्वेद संशोधन परिषद) 'स्पार्क' सांग, तेही दोन महिने आणि ५०,०००. दुसरी बी.फार्म.ची आहे, तिने तिन्ही विज्ञान अकादम्यांची एकत्रित समर फेलोशिप बघावी. बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची अकादमी मिळून देतात. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी असतात, मार्चमध्ये जागी झालीस तर गेलं. फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या मुलांसाठी फार कमी आहे, हे खरं आहे आणि चुकीचं आहे. नियम दरवर्षी हलतात, त्यामुळे तारखा आणि पात्रता व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवरून घेऊ नकोस, मूळ सूचनाच वाच.

योजनांबाहेर थेट लिहून बघ. पुण्यात एनआयव्ही (विषाणूंवरची राष्ट्रीय संस्था) आहे, मुंबईत परळला एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बालआरोग्यावरची), पुण्याजवळ वढूला केईएम रिसर्च सेंटरचं ग्रामीण आरोग्याचं काम चालू आहे, गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च'. जागा मिळेलच असं नाही, चाळीस ईमेलना दोन उत्तरं येतात. पण चाळीस जणांना एकच 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' पाठवलंस तर दोनही येत नाहीत. त्या माणसाचा एक पेपर पूर्ण वाच, त्यातली एक शंका विचार, दोन परिच्छेदांत संपव, सीव्ही एक पान. सर्चला लिहायचं असेल तर १९९९ चा बंगांचा लॅन्सेटमधला घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचा पेपर वाचल्याशिवाय लिहू नकोस. गावातल्या बायकांना शिकवून अर्भकमृत्यू किती खाली आणता येतात ते त्यात आहे, आणि पुढे आशांच्या कामात तेच आलं. मला तो पेपर इंटर्नशिपमध्ये भेटला. आधी भेटला असता तर गोळ्यांचा प्रश्न जरा बऱ्या तऱ्हेने विचारला असता.

स्कॉलरशिपचं: घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजना बघ, आणि मुलींसाठी २०२४ पासून शिक्षणशुल्काची पूर्ण माफी आहे, ती तुला लागू होते का ते कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला विचार. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेव, ॲडमिशनच्या दिवसांत सेतूसमोर रांग असते. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: महाडीबीटीचे (शिष्यवृत्त्यांचं राज्य सरकारचं पोर्टल) पैसे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं तिथे जातात. माझ्या रूममेटचा एक हप्ता शाळेत असताना उघडलेल्या गावच्या खात्यात वर्षभर पडून होता आणि ती इकडे कार्यालयात भांडत होती. बँकेत जाऊन 'एनपीसीआय मॅपिंग कुठे आहे', म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय, एवढंच विचार.

संमतीपत्राचा मसुदा इथेच टाक, नाव-गाव काढून. मी वाचून देईन, पण त्याआधी तो होस्टेलच्या मेसमधल्या मावशींना वाचून दाखव. त्या जिथे "म्हणजे?" म्हणतील तिथे खूण कर.

आणि कमिटीला किती प्रती लागतात ते आधी विचार. मी १३ नेल्या होत्या, १५ लागत होत्या, आणि झेरॉक्सवाला दुपारी दोन ते चार बंद असतो.