लिनक्स चालू झालं की ड्रायव्हर काहून मरतो? स्टेल पॉइंटरवर, म्हणजे मेमरीचा जुना पत्ता धरून बसलेल्या पॉइंटरवर, तुमचे प्रश्न

प्रश्न (हिंगणघाट): आमचा यूईएफआय (मशीन चालू करणारं फर्मवेअर) रनटाइम ड्रायव्हर, म्हणजे ओएस आल्यावरही कामात राहणारा, फर्मवेअरच्या शेलमध्ये मस्त चालते, पण लिनक्स चालू करून बूट व्हेरिएबल वाचायला गेलं की पेज फॉल्ट (मॅप नसलेल्या पत्त्यावर गेल्याची चूक). कोड तर तोच आहे.

उत्तर: कोड तोच आहे भाऊ, पत्ते बदलले ना. शेलमध्ये फिजिकल अन् व्हर्च्युअल पत्ता एकच असतो, मग एक्झिटबूटसर्व्हिसेस होते (फर्मवेअर मशीन ओएसच्या हाती देते), त्याच्यानंतर ओएस सेटव्हर्च्युअलअ‍ॅड्रेसमॅप बोलावते (नवे पत्ते कळवते), ते एका बूटमध्ये एकदाच, अन् तिथून पुढे रनटाइम ड्रायव्हर नव्या पत्त्यांवर चालतो. तुमच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये जुना फिजिकल पत्ता तसाच राहिला तर तो स्टेल. एकत्रीकरणात गट नंबर बदलले अन् तुमच्या हातातला कागद जुन्या सर्व्हे नंबरचाच राहिला, तर शेत जागेवरच असते पण त्या कागदानं तुम्ही भलत्याच्याच बांधावर उभे राहता, तसं हे.

आता सगळ्यात आधी डीमेसेजमधला (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांतला) फॉल्टचा पत्ता पाहा. ६४ बिट एक्स८६ वर लिनक्स यूईएफआयच्या मेमरीचे भाग उणे ४ जीबीपासून (पत्त्यांच्या वरच्या टोकाच्या ४ जीबी खालून) खाली-खाली बसवतो, म्हणून बदललेला पॉइंटर हेक्समध्ये ढीगभर एफनं सुरू होतो. तुमचा पत्ता छोटा, रॅमच्या आकारात बसणारा असला तर तो पॉइंटर बदलायचा राहिला असा पहिला संशय घ्या. आत्ताचे कर्नल तर ‘फर्मवेअर बग’ असं सरळ लिहून तो फिजिकल पत्ता देतात. दुसरं, जीबीएस (बूट सर्व्हिसेसचा पॉइंटर) कुठं वापरता का तेही शोधा, एक्झिटबूटसर्व्हिसेसनंतर त्याला हात लावायचाच नाही.

प्रश्न (पुसद): व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस चेंजच्या इव्हेंटमध्ये आम्ही सगळे पॉइंटर कन्व्हर्ट केले, तरी एका ओएसवर चालते अन् दुसऱ्यावर लटकते. लिंक्ड लिस्ट (एकमेकांचा पत्ता धरलेल्या नोडची साखळी) आहे आमची.

उत्तर: तुम्ही लिस्टचं डोकं आधी बदललं अन् मग त्याच्यातून पुढे चालत गेले असाल. तो इव्हेंट चालू असतो तेव्हा तुमचा कोड जुन्याच पत्त्यांवर धावत असतो, नवीन पत्ता अजून चालू व्हायचा आहे, म्हणून बदललेल्या पॉइंटरमधून काही वाचायचंच नाही. एक्स८६ वर लिनक्स त्या वेळी दोन्ही मॅपिंग ठेवतो म्हणून तिथं ही चूक खपून जाते, अन् हेच लय वाईट, कारण टेस्टिंगमध्ये ती दिसतच नाही. आतून बाहेर या: आधी नोडमधले डेटा पॉइंटर, मग लिंक, शेवटी ग्लोबल. ईडीके२ (यूईएफआयचा ओपन सोर्स कोड) मधलं ईएफआयकन्व्हर्टलिस्ट लिंक बदलून देते, पण नोडच्या आतले तुमचे पॉइंटर तुम्हालाच बदलावे लागतात, अन् तेही ते बोलवायच्या आधी.

अन् माझा सगळ्यात जास्त जोर याच्यावर आहे, पॉइंटर बदलून देणाऱ्या कन्व्हर्टपॉइंटरचा रिटर्न स्टेटस वाचत जा! नव्वद टक्के कोडमध्ये तो फेकून दिलेला दिसतो असं नाही म्हणत, पण जिथं पॅनिक होते तिथं पहिले मी हेच उघडून पाहतो. नॉटफाउंड आला तर एक तर पॉइंटर आधीच बदलला आहे नाही तर ती मेमरी रनटाइमची नाहीच. नल (रिकामा) पॉइंटर दिला तर इन्व्हॅलिड पॅरामीटर येतो, मुद्दाम नल असू शकते अशा पॉइंटरला ऑप्शनलचा फ्लॅग द्या.

प्रश्न (आर्वी): कधी चालते कधी नाही. चार वेळा बूट केलं तर एकदा मरते.

उत्तर: बफर (डेटा ठेवायची मेमरी) कुठून घेतला ते पाहा. साध्या अ‍ॅलोकेटपूलनं घेतला असेल, तर मेमरी बूटसर्व्हिसेसडेटाची (फक्त बूटपुरती) मिळते, अन् ती ओएस नंतर स्वतःसाठी वापरते. लगेच मरत नाही कारण लिनक्स ती जागा एक्स८६ वर सेटव्हर्च्युअलअ‍ॅड्रेसमॅप होईपर्यंत मुद्दाम राखून ठेवतो, बिघडलेल्या फर्मवेअरसाठी २०११ पासून तसं आहे. मग जागा सुटते, तिथं काय लिहिलं जाईल ते नशीब. अ‍ॅलोकेटरनटाइमपूल वापरा. अन् ईडीके२ मध्ये मेमरी पुसायचा डीबग पर्याय चालू केला तर सोडलेल्या अन् नव्यानं घेतलेल्या जागेत एएफ-एएफ-एएफ भरलेलं असते, पॉइंटरमध्ये ते दिसलं की फ्री झालेली नाही तर अजून न भरलेली मेमरी वाचता तुम्ही.

प्रश्न (वणी): ग्राहकाच्या मशीनवर कर्नलला ईएफआय=नोरनटाइम (रनटाइम सेवा बंद ठेवायचा पर्याय) देऊन सोडलं तर?

उत्तर: दुरुस्ती होईपर्यंत ठीक. पण मग ओएसमधून बूट ऑर्डर बदलता येणार नाही, अन् बग तिथंच.

प्रश्न (दारव्हा): बोर्ड नागपूरला ऑफिसात, मी गावात, लाइन कधी जाईन सांगता येत नाही. घरी शिकता येईल का?

उत्तर: येते ना, अन् बोर्डापेक्षा बरं येते. जुन्या लॅपटॉपवर क्यूएमयू (खोटं मशीन चालवणारा प्रोग्राम) अन् ओव्हीएमएफ (त्याच्यासाठीचं यूईएफआय फर्मवेअर) घ्या, ड्रायव्हर त्याच्यातच बांधा. क्यूएमयूमध्ये हेक्स ४०२ नंबरचा डीबग पोर्ट फाइलला जोडा, त्याच्यावर एक-एक बाइट लिहिला की तो फाइलमध्ये पडतो, लाइन गेली तरी फाइल राहते. त्या इव्हेंटमध्ये स्क्रीनवर प्रिंट करू नका, कन्सोल तेव्हा गेलेला असतो, पोर्टवर मात्र लिहिता येते कारण आयओ पोर्टला मॅपिंग लागतच नाही. मेमरी-मॅप्ड यूएआरटी (मेमरीच्या पत्त्यावरून चालणारा सिरियल पोर्ट) असला तर मात्र त्याचा भाग आधी रनटाइम म्हणून नोंदवावा लागते, अन् त्याचा बेस पत्ताही कन्व्हर्ट करावा लागते, नाही तर बग शोधायचा प्रिंटच नवा स्टेल पॉइंटर होऊन बसते.